खोडलेलं उत्तर

हे प्रकरण आठवीच्या एका वर्गातलं आहे. विषय विज्ञान, वर्गात 43 मुलं, शिकवणारी मी. घडून बरीच वर्षं झाली. ज्या मुलाबद्दल आहे तो आता मोठा झाला आहे. त्याला हे आधी वाचायला दिलं आणि त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. त्याचं नाव मात्र देणार नाही. पुढे वाचाल तेव्हा कळेल की या प्रकरणात नाव न देणं मला किती जड जातं, पण त्याच्या खासगीपणापुढे माझा इलाज नाही.

शाळेत नेतृत्व म्हटलं की मुख्याध्यापक, संघाचा कप्तान, वर्गप्रतिनिधी असे लोक डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते शाळेतलं बहुतेक नेतृत्व कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या जागी चालतं: हजेरी घेताना, वही परत देताना, प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंतच्या शांततेत. तिथे मुलं आपल्या मागे येतात किंवा आपल्यापासून लांब जातात. हे मला या मुलाने शिकवलं, आणि ते शिकताना मी आधी बरंच बिघडवून ठेवलं.

पहिलं वाक्य

त्याची बहीण त्याच्यापुढे तीन वर्षं. तिला मी आठवी ते दहावी सलग शिकवलं होतं. हात कायम वर, वही लखलखीत, आणि प्रश्न असे विचारायची की उत्तर देण्याआधी मलाच थांबावं लागे. ती शाळेतून बाहेर पडली आणि त्याच वर्षी हा माझ्या वर्गात आला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना आडनाव वाचलं, वर पाहिलं, चेहरा ओळखीचा वाटला. मी म्हटलं, "अरे, तू तिचा भाऊ! मग तर काळजीच मिटली."

वर्ग हसला. तोही हसला, निदान मला तसं वाटलं. मी अगदी आनंदाने बोलले होते. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की मुलाचं छान स्वागत केलं.

पुढचे तीन महिने तो माझ्या लेखी 'तिचा भाऊ'च राहिला. स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला तरी तेच, वर्गात त्याला उठवलं तरी तेच. तो शांत होता, त्रास देत नव्हता, शेवटून दुसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायचा. 43 मुलांच्या वर्गात शांत मूल नजरेतून सहज सुटतं, आणि मला हे सांगायला लाज वाटते की ते सुटणं मला सोयीचंच होतं.

दिव्यासमोर धरलेला कागद

पहिली चाचणी 20 गुणांची झाली. त्याला 6 मिळाले. रिकाम्या जागा आणि जोड्या जवळपास सगळ्या बरोबर, 'कारणे द्या' पूर्ण कोरं. मी तिथे शून्य टाकून पान उलटत होते आणि बोटाला कागद खरखरीत लागला.

पान दिव्यासमोर तिरपं धरलं. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं होतं आणि मग खोडलेलं होतं, इतक्या जोराने की कागदाचे तंतू सुटले होते आणि एका जागी भोक पडायचं बाकी होतं. वर्गातली सगळी मुलं पेनने लिहीत. हा आधी पेन्सिलीने लिहून बघायचा, हेही मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. पेन्सिलीच्या टोकाचे वळ कागदावर राहिले होते आणि तिरप्या उजेडात अक्षरं लागत होती. प्रश्न होता, वारा असला की ओले कपडे लवकर का वाळतात. त्याने लिहिलं होतं, "वारा कपड्याजवळची वाफ घेऊन जातो मग नवीन वाफेला जागा होते."

उत्तर बरोबर होतं. त्या गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त उत्तरांपेक्षा चांगलं होतं. बाकीच्यांनी 'वाऱ्यामुळे कपडे वाळतात' एवढंच लिहून अर्धा गुण घेतला होता. याला कारण कळलं होतं, आणि त्याने ते रबराने मिटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर त्याला थांबवून घेतलं आणि दुसरी चूक केली. म्हटलं, "तुला येतंय रे, मग लिहीत का नाहीस? घरात इतकी हुशार ताई आहे, तिला तरी विचारायचं." तो बुटाकडे बघत म्हणाला, "तिलाच विचारा बाई. तिला येतं."

उद्धटपणा नव्हता त्यात. आवाज इतका सपाट होता की मला उलट काही बोलताच आलं नाही.

वहीवरचं लेबल

खरं निदान त्या आठवड्यात योगायोगाने झालं. स्टाफरूमच्या टेबलावर आठवीच्या भाषेच्या वह्या तपासून ठेवल्या होत्या, शेजारी माझ्या विज्ञानाच्या. वरवर चाळताना त्याची भाषेची वही हाती आली. लेबलवर पूर्ण नाव, वळणदार अक्षर, खाली रेघ. मी माझ्या गठ्ठ्यातून त्याची विज्ञानाची वही काढली. लेबलवर नावाची जागा रिकामी. खाली फक्त 'हजेरी क्र. 27'.

गणिताची वही मागवून घेतली. तिच्यावर नाव होतं. भूगोलाच्या वहीवरही होतं. नाव नव्हतं ते फक्त माझ्या विषयाच्या वहीवर.

इथवर मी समजत होते की मुलगा बुजरा आहे. बुजरं मूल सगळीकडे बुजरं असतं. हा फक्त माझ्यापुढे नाहीसा होत होता.

मागच्या बाकावरचे सर

गणित शिकवणारे माझे एक सहकारी होते, वयाने माझ्याहून लहान, बोलायला स्पष्ट. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मुलाकडे बघताय. मी तुमच्याकडे बघू का?" मोकळ्या तासाला ते माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर घड्याळ आणि वही घेऊन बसले. आठवड्यात असे चार तास. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "सर मागे का बसलेत?" मी खरं ते सांगितलं: "प्रश्न विचारल्यावर मी तुम्हाला विचार करायला पुरेसा वेळ देते का, ते सर मोजताहेत."

त्यांची नोंद वाचून मला झोप लागली नाही. चार तासांत मी त्याला तीन वेळा उठवलं होतं. तिन्ही वेळा त्याने तोंड उघडण्याआधी प्रश्न दुसऱ्याकडे वळवला होता. पुढच्या बाकांवरच्या मुलांसाठी मी थांबत होते, 'हं, सांग, सांग' म्हणत होते; याच्यासाठी एक श्वाससुद्धा नाही. नावाने हाक शून्य वेळा. दोनदा 'तू, खिडकीजवळचा' आणि एकदा 'ताईचा भाऊ'.

यात मी एकटी नाही, हे नंतर वाचनात आलं. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ज्या मुलांना ते कच्ची समजतात त्यांच्यासाठी त्याहूनही कमी. तोच वेळ 3 सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. त्यांनी आणखी एक जागा दाखवली, जी मला जास्त मोलाची वाटते: मुलाचं उत्तर संपल्यावरही थांबायचं. बऱ्याचदा मूल पहिलं वाक्य चाचपण्यासाठी टाकतं आणि खरं म्हणणं दुसऱ्या वाक्यात असतं. आपण मधेच 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणून ते दुसरं वाक्य मारून टाकतो.

बहिणीच्या बाबतीत मात्र संशोधन माझ्या अनुभवाच्या उलट दिशेला जातं, आणि ते लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. 1973 साली सीव्हर या संशोधकाने असे विद्यार्थी तपासले ज्यांच्या मोठ्या भावंडाला त्याच शिक्षकांनी शिकवलं होतं. थोरलं भावंड हुशार असेल तर धाकट्याची कामगिरी त्या शिक्षकाकडे सरस निघाली, आणि थोरलं कच्चं असेल तर घसरलेली. म्हणजे माझ्या मुलाला बहिणीचा फायदा व्हायला हवा होता. तो झाला नाही. मला वाटतं, शिक्षकाच्या मनातली अपेक्षा आणि मुलाच्या कानावर पडणारी अपेक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनातली अपेक्षा शिक्षकाला जास्त कष्ट घ्यायला लावते. माझ्या अपेक्षेने मला एवढंच सांगितलं की याच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही, आणि त्याला सांगितलं की तुझी जागा आधीच भरलेली आहे.

बहिणीवरही मी अन्यायच केला. तिच्या तीन वर्षांच्या मेहनतीची मी मोजपट्टी केली आणि ती तिच्याच भावाच्या पाठीवर ठेवली.

काय केलं आणि काय फसलं

योजना वगैरे मोठी नव्हती. त्याला नावाने हाक मारायची. प्रश्न विचारल्यावर आणि उत्तर आल्यावर मनात तीन आकडे मोजायचे, त्याच्यासाठीच नव्हे, सगळ्यांसाठी. आणि त्याच्या वहीत काही काळ गुण न देता फक्त शेरा लिहायचा.

गुण टाळण्यामागे कारण होतं. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग आमच्या प्रशिक्षणात शिकवला गेला होता. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेली मुलं नुसत्या गुणवाल्यांपेक्षा काही पुढे गेली नाहीत. आकडा दिसला की शेरा वाचलाच जात नाही, हे कुठल्याही शिक्षकाने वही परत देताना मुलांच्या नजरेत पाहिलेलं असतं.

पहिला शेरा मी लिहिला, 'छान! असंच लिहीत जा.' काहीही झालं नाही. व्हायचं कशाला? त्याने काही लिहिलंच नव्हतं, मी आकृतीला छान म्हटलं होतं. मुलांना खोटं कौतुक लगेच ओळखू येतं, आणि त्यातून त्यांना एकच गोष्ट कळते: बाईंना माझ्याकडून याहून जास्त अपेक्षाच नाही.

मग मी चाचणीचा तो पेपर पुन्हा काढला. खोडलेल्या जागेच्या बाजूला लिहिलं: 'हे खोडलेलं मी वाचलं. बरोबर आहे. कपड्यातलं पाणी वाफ कसं होतं, यावर एक वाक्य अजून हवं. तू ते लिहू शकतोस म्हणून मागते आहे.' खाली त्याचं नाव लिहिलं, माझी सही केली आणि पेपर वहीत घालून दिला.

शेऱ्यातलं ते शेवटचं वाक्य मी तेव्हा सहज लिहिलं होतं. पुढे 2014 मध्ये डेव्हिड येगर आणि जेफ्री कोहेन यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी खऱ्या सूचना लिहिल्या. निम्म्या मुलांना सोबत चिठ्ठी होती की मी या सूचना देते आहे कारण माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू ती गाठशील हे मला ठाऊक आहे; बाकीच्यांना नुसती साधी चिठ्ठी होती. निबंध पुन्हा लिहिणं ऐच्छिक होतं. कृष्णवर्णीय मुलांमध्ये पुन्हा लिहिणाऱ्यांचं प्रमाण साध्या चिठ्ठीला 17 टक्के होतं, या चिठ्ठीने ते 70 टक्क्यांच्या पुढे गेलं. ज्या मुलांना शिक्षकाच्या मनात आपल्याबद्दल काय आहे याचाच भरवसा नसतो, त्यांच्यावर ते एक वाक्य सर्वांत जास्त चाललं. वाचताना मला सत्तावीस नंबरची वही आठवली.

त्याचं वाक्य नऊ दिवसांनी आलं. रोज वही उघडायची आणि तिथे काही नसायचं. मी विचारलं नाही. नवव्या दिवशी, पेन्सिलीनेच, पण न खोडलेलं: 'कपड्यातलं पाणी हळूहळू हवेत जातं, उष्णता नसली तरी.' पाणी उकळल्याशिवाय वाफ होत नाही असं समजणाऱ्या अख्ख्या वर्गात हा मुलगा बाष्पीभवनाच्या मर्मापाशी पोचला होता. उष्णता लागते, ती आजूबाजूच्या हवेतूनच मिळते, हे मी बाजूला प्रश्न म्हणून लिहिलं: 'उष्णता अजिबात नाही? की दिसत नाही?'

इथे मला हुरूप आला आणि तिसरी चूक झाली. पुढच्याच आठवड्यात त्याला सगळ्यांपुढे बोलावून प्रयोग समजावून सांगायला उभं केलं. तो उभा राहिला. मी तीन आकडे मोजले, दहा मोजले. तोंडातून शब्द निघेना. मागून कुणीतरी कुजबुजलं, कुणी हसलं. तो जागेवर जाऊन बसला आणि नंतरचे दोन दिवस शाळेत आला नाही.

तो परत आला तेव्हा मी त्याला आडवळण न घेता सांगितलं की चूक माझी होती. "मी घाई केली. आणि पहिल्या दिवशी मी जे बोलले, तेही चुकलं. तू माझ्या वर्गात तुझा म्हणून आहेस." तो म्हणाला, "ठीक आहे, बाई." एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, गहिवर नाही. मला तेव्हा वाटलं माफी वाया गेली.

या सगळ्याची किंमत दुसऱ्यांनीही दिली. पुढच्या बाकावरची एक मुलगी, हात कायम वर असणारी, एक दिवस चिडून म्हणाली, "बाई, आता मला का विचारत नाही?" तिचं म्हणणं खरं होतं. थांबण्यात वेळ जात होता, मी एक प्रकरण मागे पडले होते, आणि ज्यांची उत्तरं तयार असत त्यांच्या वाट्याला कमी प्रश्न येत होते. मी तिला उत्तर सांगण्याऐवजी पुढचा प्रश्न तयार करायला सांगू लागले. ते तिला काही दिवस आवडलं, मग कंटाळा आला. तिच्यासाठी मला शेवटपर्यंत नीट काही सापडलं नाही.

चौथं टेबल

दुसऱ्या सत्रात वर्गात एक नवी मुलगी आली. बोलताना अडखळायची. प्रयोगशाळेत पाच-पाच जणांचे गट असत आणि ती याच्या गटात, चौथ्या टेबलावर होती. मी तिथून जात होते. प्रश्न होता, मेणबत्तीवर ग्लास पालथा घातल्यावर आत काय काय बदलतं. तिने बोलायला सुरुवात केली, पहिल्याच अक्षराला अडकली, आणि शेजारच्या मुलाने चांगुलपणाने तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं.

याने टेबलावर तळहात ठेवला. हळूच, आवाज न करता. म्हणाला, "थांब ना. ती सांगतेय."

सगळे थांबले. तिला बराच वेळ लागला. ग्लासच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब धरलेत, हे तिच्या लक्षात आलं होतं. बाकी चौघं ज्योत विझण्याची वाट बघत होते. तिचं बोलून झाल्यावर तो लगेच काही म्हणाला नाही. जरासा थांबला, आणि तिने आणखी एक वाक्य जोडलं.

हे त्याला मी कधीच शिकवलं नव्हतं. फळ्यावर लिहिलं नव्हतं, भाषण दिलं नव्हतं. मी पुढे न जाता मागच्या टेबलाशी उभी राहिले. त्या वर्गातलं सर्वांत चांगलं नेतृत्व मी त्या दिवशी पाहिलं, आणि ते ज्या मुलाकडून आलं त्याला कुणी कुठलंही पद दिलेलं नव्हतं.

मला काय म्हणता येतं

वार्षिक परीक्षेत त्याला 40 पैकी 23 पडले. पहिला-दुसरा आला नाही. 'कारणे द्या' त्याने पेनने लिहिलं, पाचपैकी तीन. पुढच्या वर्षी विज्ञान दुसऱ्या शिक्षकांकडे गेलं. त्याने पुढे विज्ञान घेतलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

शिक्षकाच्या अपेक्षेने मुलाचं आयुष्य पालटतं, हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. काही मुलं पुढे चमकतील असं शिक्षकांना सांगून मग त्या मुलांची प्रगती मोजणाऱ्या, रोझेन्थल आणि जेकबसन यांच्या 1968च्या प्रसिद्ध प्रयोगावर ते उभं आहे; त्या प्रयोगाच्या पद्धतीवर लगेचच आक्षेप घेतले गेले होते. पुढच्या पस्तीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा जसिम आणि हार्बर यांनी 2005 मध्ये घेतला, तेव्हा निघालं की असा परिणाम खरा असतो पण सहसा लहान असतो, आणि ज्या मुलांकडे समाज आधीच कमीपणाने बघतो त्यांच्यावर तो जास्त होतो. मला यात दिलासाही वाटतो आणि धाकही. माझ्या एका वाक्याने कुणाचं सगळं बिघडत नाही. पण ज्या मुलाच्या पायाखाली आधीच जमीन कमी आहे, त्याच्यासाठी तेच वाक्य पुरेसं होतं.

माझ्या तीन उपायांपैकी नक्की कशाने काम केलं, हे मला सांगता येणार नाही. मी ते एकदमच सुरू केले होते. मनातून मी श्रेय त्या खोडलेल्या उत्तराशेजारच्या शेऱ्याला देत आले होते. हा मजकूर वाचून झाल्यावर मी त्याला तेच विचारलं. तो शेरा त्याला आठवत होता, पण अंधुक. लेबलवर नाव न लिहिल्याचं तर अजिबात आठवत नव्हतं.

"मला ते सर आठवतात," तो म्हणाला. "मागे घड्याळ घेऊन बसलेले. आम्हाला आधी वाटलं आमच्यापैकी कुणावर लक्ष ठेवायला आलेत. मग तुम्ही सांगितलंत की ते तुमचं मोजताहेत. मी मागच्याच बाकांवर होतो ना, मला त्यांची वही दिसत होती. त्यात तुमच्या नावापुढे फुल्या होत्या, बाई. बऱ्याच होत्या. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना परत बोलावलंत."